हरित रसायनशास्त्र: बारा तत्त्वं पाठ झाली, पण औषधांच्या कारखान्यात त्यांचं पुढे काय होतं?

प्रयोगवही:
मंडळी, मी बडोद्यात बी.एस्सी.च्या मुलांना सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली मांडलेली हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं आमच्या अभ्यासक्रमात आहेत. कचरा मुळात होऊच देऊ नका, अणू वाया घालवू नका, निर्धोक सॉल्व्हंट (विद्रावक) घ्या, उत्प्रेरक वापरा वगैरे. मुलं ती घडाघडा म्हणून दाखवतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. यातलीच बरीच मुलं पुढे नंदेसरी, पादरा, अंकलेश्वर, दहेज इथल्या रासायनिक कारखान्यांत कामाला लागतात.

माझे दोन प्रश्न आहेत. एक, औषधाचा रेणू कोणत्या मार्गाने बनवायचा हे ठरताना या तत्त्वांचा विचार कारखान्यात खरोखर होतो का, आणि कोण करतं? दोन, हा विषय मुलांच्या हाताला लागावा म्हणून प्रयोगशाळेत काय करून घ्यावं? कंपन्यांची नावं नकोत, अनुभव हवेत.

रिअ‍ॅक्टरवाला:
चांगला धागा, ताई. बरीच वर्षं बल्क ड्रगच्या (गोळीतल्या मूळ औषधाच्या) प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये काढली आहेत, म्हणून लिहितो.

प्लँटवर ‘हरित’ असं कोणी म्हणत नाही. पण सकाळच्या मीटिंगला जे विचारतात ते हेच असतं: किलोमागे सॉल्व्हंट किती गेलं, रिकव्हरी किती टक्के, सेंट्रिफ्यूजनंतरचं एम.एल. (स्फटिक काढल्यावर उरलेलं द्रावण) कुठे साठवलंय, ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरणाला) आज सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) किती आला. रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली याच हिशेबाला ई-फॅक्टर म्हटलं. एक किलो माल तयार करताना किती किलो कचरा झाला, तो आकडा. त्यांच्या मूळ तक्त्यात तेलशुद्धीकरणाचा आकडा ०.१ च्या आसपास, मोठ्या प्रमाणावरच्या रसायनांचा १ ते ५, फाइन केमिकल्सचा ५ ते ५० आणि औषधांचा २५ पासून १०० च्याही वर आहे.

पुन्हा वाचा. कोयलीची रिफायनरी आपल्याला लांबूनही दिसते आणि गोळीच्या पाकिटातली पांढरी पावडर स्वच्छ वाटते. किलोच्या हिशेबात चित्र नेमकं उलटं आहे.

मीनल_मांजलपूर:
मी रसायनशास्त्रातली नाही, पण नवरा नंदेसरीला आहे म्हणून वाचतेय. किलोभर चक्क्यासाठी दूध घेतलं की खाली निवळी उरते, ती कचऱ्यात धरायची, असंच ना हे? आणि औषधात शंभर किलो निवळी कशी काय निघते?

रिअ‍ॅक्टरवाला:
मीनलताई, अगदी तसंच. फक्त शेल्डन यांच्या सुरुवातीच्या हिशेबात पाणी धरलेलं नव्हतं. पाणीसुद्धा धरायचं असेल तर कंपन्या आता पीएमआय काढतात: आत टाकलेलं सगळं वजन भागिले बाहेर आलेला माल.

शंभर किलो कसे, ते सांगतो. औषधाचा रेणू एका फटक्यात बनत नाही, सहा, आठ, दहा पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीला ८५ टक्के उतारा मिळाला, जो चांगलाच म्हणायचा, तरी आठ पायऱ्यांनंतर हाती २७ टक्के उरतात. शिवाय प्रत्येक पायरीला विरघळवा, तापवा, पाण्याने धुवा, दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये काढा, स्फटिक करा, पुन्हा धुवा. रेणूत जाणारे अणू थोडेसे, त्यांना न्हाऊमाखू घालणारं सॉल्व्हंट कितीतरी पट. पाणी बाजूला ठेवलं तर औषधाच्या बॅचमध्ये वजनाने सर्वांत मोठा वाटा सॉल्व्हंटचाच असतो. म्हणून पायऱ्या कमी करा आणि सॉल्व्हंट कमी करा, या दोन गोष्टींत निम्म्याहून जास्त विषय आला असं मी मानतो.

कॉलमग्रस्त:
थोडा विरोधी सूर लावतो. मी सध्या पीएच.डी. करतोय. आमच्या क्षेत्रात ‘ग्रीन’ असं शीर्षकात लिहिलेले पेपर ढिगाने येतात. रिअ‍ॅक्शन पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत झाली म्हणून आनंद. मग प्रायोगिक भाग वाचावा तर शेवटी इथाइल अ‍ॅसिटेटने तीनदा काढलंय आणि हेक्झेन घालून सिलिकाच्या कॉलममधून शुद्ध केलंय. दोनशे मिलिग्रॅम मालासाठी लिटरच्या मापात सॉल्व्हंट! ती पाच मिनिटं हिरवी म्हणायची आणि पुढचा अख्खा दिवस मोजायचाच नाही, हे मला पटत नाही.

आणखी एक. रिअ‍ॅक्टरवाले म्हणतात तो तक्ता किलोमागचा आहे. औषधं जगात टनांत बनतात, पेट्रोलियम कोट्यवधी टनांत. एकूण ढीग कोणाचा मोठा, हेही सांगायला हवं.

प्रयोगवही:
कॉलमग्रस्त, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. तो मी वर्गात सांगणार आहे. दुसऱ्यावर मात्र मतभेद. ढीग छोटा असला तरी तो कशाचा आहे ते बघावं लागतं. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट, जड धातू, नायट्रो संयुगं असलेला एक टँकर आणि खारट पाण्याचा एक टँकर यांचं वजन सारखंच भरतं. ई-फॅक्टर वजन सांगतो, विषारीपणा सांगत नाही. शेल्डन यांनीही त्यासाठी वेगळा गुणक सुचवला होता.

नंदेसरी_लोकल:
एमडीसीच्या ड्रमचं झाकण उघडताना तोंड बाजूला करायला शिकवणारे आमचे ऑपरेटरभाई, तेच आमचे पहिले गुरू 🙏 बाकी चालू द्या, वाचतोय.

(नवीन मंडळींसाठी: एमडीसी म्हणजे मिथिलीन क्लोराइड. पुस्तकात डायक्लोरोमिथेन म्हणतात.)

स्लजचा_हिशेब:
बारा तत्त्वांपैकी नववं तत्त्व उत्प्रेरकाचं. त्याचं गुजरातच्या औद्योगिक पट्ट्यात शोभेल असं उदाहरण देतो.

नायट्रो गटाचा अमिनो गट करायचा असतो. रंगांच्या मध्यस्थ रसायनांत, औषधांत, सगळीकडे हे लागतं. पॅरासिटामॉलसाठी लागणारा पॅरा-अमिनोफिनॉल घ्या. जुनी रीत बेशां यांची, १८५४ ची: लोखंडाचा भुगा आणि थोडं आम्ल. चार मोल नायट्रोला नऊ मोल लोखंड लागतं आणि तीन मोल काळा लोह ऑक्साइड बाहेर येतो. रेणुभार घालून बघा, एक किलो पॅरा-अमिनोफिनॉलमागे सुमारे १.६ किलो कोरडा ऑक्साइड. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात लोखंड जास्तीचं घालतात आणि गाळ ओला असतो, त्यात अमाइन अडकलेलं असतं. तो काळा चिखल कुठेतरी न्यावाच लागतो.

हेच काम निकेल किंवा पॅलेडियमवर हायड्रोजनने केलं तर सोबत फक्त पाणी तयार होतं, किलोमागे ३३० ग्रॅम. उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो. मुलांना हे समीकरण फळ्यावर सोडवायला द्या, ताई. तत्त्व पाठ करावं लागणार नाही.

शेठचा_मुनीम:
स्लजचा_हिशेब यांचं गणित बरोबर आहे, पण लहान युनिटच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं. लोखंडाचा भुगा साध्या व्हेसलमध्ये चालतो. हायड्रोजनसाठी दाब सोसणारा ऑटोक्लेव्ह, स्फोटरोधक वायरिंग, सिलिंडर बँक आणि शिकलेला माणूस लागतो. नायट्रोच्या हायड्रोजनेशनमध्ये उष्णता प्रचंड निघते, कूलिंग गेलं तर खेळ खलास. रॅनी निकेल कोरडं पडलं तर हवेत पेट घेतं. भांडवल नसलेला माणूस भुग्याकडेच जाणार. त्याला ‘वाईट’ म्हणून चालणार नाही, त्याला यंत्र परवडेल अशी सोय करावी लागेल.

स्लजचा_हिशेब:
मान्य. म्हणूनच सामायिक हायड्रोजनेशनची सोय असावी असं माझं जुनं मत आहे. सांडपाण्यासाठी सीईटीपी सामायिक चालते, तर जिथे कचरा जन्माला येतो ती पायरीही सामायिक का चालू नये? दोन-तीन मोठे ऑटोक्लेव्ह, प्रशिक्षित माणसं, आणि आसपासचे युनिटवाले आपापला माल आणून करून नेतील.

शेठचा_मुनीम:
कल्पना चांगली आहे. एकाचा माल दुसऱ्यात मिसळणार नाही, याची हमी औषधवाले मागतील. रंगवाल्यांपासून सुरुवात व्हावी.

पादरा_रोड:
आमची पादऱ्याकडे थोडी जमीन आहे. वरच्या चर्चेत एक गोष्ट सुटतेय, ती लिहितो.

बडोद्याच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी गेली काही दशकं सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या चॅनेलमधून पादरा, जंबुसर तालुक्यांतून मही नदीच्या मुखापर्यंत नेलं जातं. शहरातल्या माणसाला ते दिसत नाही. ज्यांच्या शेताजवळून जातं त्यांना रोज दिसतं. आमच्या भागात बोअरच्या पाण्याला रंग आल्याचं मी स्वतः पाहिलंय. कोणामुळे, ते मी इथे लिहिणार नाही.

ईटीपी, सीईटीपी, चॅनेल हे सगळं लागतंच. पण ते सगळं पाइपाच्या शेवटी आहे. तुमच्या पहिल्या तत्त्वाने कचरा झालाच नाही तर त्या ५५ किलोमीटरच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला थेट फायदा आहे. तेवढं मुलांना सांगा. नकाशा दाखवून सांगा.

मीनल_मांजलपूर:
पादरा_रोड, मनापासून +१.

प्रयोगवही:
दादा, नकाशाची सूचना घेतली. धन्यवाद.

अल्कापुरी_आजोबा:
वडिलांच्या पिढीपासून बडोद्यात. थोडं अवांतर, पण विषयाला धरून. या शहराचा रसायनांशी संबंध कालपरवाचा नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. रंगाईचं आणि रसायनाचं शास्त्र देशी माणसाच्या हाती यावं हा त्यांचा ध्यास होता. १९०७ साली अलेम्बिक सुरू झालं, तेही गज्जरांच्या पुढाकारातून. पुढे खत कारखाना, रिफायनरी, पेट्रोकेमिकल्स. ज्या गावाने रसायन बनवायला इतक्या लवकर सुरुवात केली, त्याने ते नीट बनवण्यातही पुढे असावं, अशी माझी इच्छा आहे.

सूरसागर_काठ:
आजोबा 🙏🙏

मधुमेही_मित्र:
माझा अगदी सामान्य प्रश्न. मी मधुमेहासाठी सिटाग्लिप्टिन घेतो. २०२२ मध्ये पेटंट संपल्यावर ते बरंच स्वस्त झालं. ते ‘हरित’ पद्धतीने बनतं असं वाचलं. मग ती गोळी वेगळी असते का? त्यात काही नैसर्गिक असतं का?

एन्झाइमप्रेमी:
मित्रा, गोळीतला रेणू तोच. नैसर्गिक वगैरे काही नाही. बदलला तो रेणू बनवायचा मार्ग, आणि ती गोष्ट या क्षेत्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

सिटाग्लिप्टिनमध्ये एक अमिनो गट विशिष्ट बाजूलाच बसला पाहिजे, डाव्या-उजव्या हातासारखा प्रश्न. मर्क या औषधकंपनीच्या आधीच्या पद्धतीत हे काम ऱ्होडियम या अतिशय महाग धातूचा उत्प्रेरक आणि जास्त दाबाचा हायड्रोजन वापरून व्हायचं. नंतर ऱ्होडियमचे अंश काढायचे, आणि उजवा-डावा पुरेसा वेगळा नसल्यामुळे पुन्हा स्फटिकीकरण करायचं.

मर्क आणि कोडेक्सिस यांनी ट्रान्सअमिनेज नावाचं एन्झाइम घेतलं. अडचण अशी की निसर्गातलं ते एन्झाइम या मोठ्या रेणूला हातच लावत नव्हतं, त्याच्या खोबणीत तो मावत नव्हता. मग त्यांनी एन्झाइमच्या जनुकात बदल करत, हजारो नमुने तपासत, त्यातले चांगले निवडत, पुन्हा बदल करत खोबण मोठी केली. अखेरच्या एन्झाइममध्ये २७ जागी बदल होते. ते अर्ध्या डीएमएसओच्या (हे एक सॉल्व्हंट) द्रावणात, आयसोप्रोपिलअमाइन घेऊन, हवा तोच हात ९९.९५ टक्क्यांवर शुद्ध देतं. दाब नाही, धातू नाही. एकूण कचरा १९ टक्क्यांनी कमी झाला, उत्पादनक्षमता ५३ टक्क्यांनी वाढली. २०१० साली त्यांना अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षांचा हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला. एन्झाइमला अशी दिशा देण्याच्या मूळ कामासाठी फ्रान्सिस आर्नल्ड यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

आणि हे परदेशापुरतं नाही. अमॉक्सिसिलिनचा गाभा म्हणजे ६-एपीए. तो पेनिसिलिनपासून काढायची जुनी रासायनिक पद्धत एमडीसीमध्ये, फॉस्फरस पेंटाक्लोराइड घालून, उणे ४० अंशांवर चालायची. आता पेनिसिलिन अ‍ॅसिलेज एन्झाइम पाण्यात, शरीराच्या तापमानाच्या आसपास तेच काम करतं. आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी घेतलेल्या औषधामागे हे आहे.

मधुमेही_मित्र:
इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. आता गोळी घेताना वेगळं वाटेल.

कॉलमग्रस्त:
सुंदर प्रतिसाद. फक्त ‘हिरवं म्हणजे निर्धोक’ असं कोणी समजू नये, म्हणून आयबुप्रोफेनचं उदाहरण जोडतो. बूट्स कंपनीची १९६० च्या दशकातली पद्धत सहा पायऱ्यांची, अणू-बचत (घातलेल्या रसायनांच्या वजनापैकी कागदावर मालात जाणारा वाटा) ४० टक्के. बीएचसी या कंपनीची नवी पद्धत तीन पायऱ्यांची, ७७ टक्के, आणि सोबत निघणारं अ‍ॅसिटिक आम्ल परत वापरलं तर ९९ टक्के. १९९७ साली त्यालाही तोच पुरस्कार मिळाला. प्रत्येक पुस्तकात हे उदाहरण असतं. पहिल्या पायरीत उत्प्रेरक आणि सॉल्व्हंट म्हणून हायड्रोजन फ्लोराइड आहे, हे मात्र बऱ्याच पुस्तकांत एका ओळीत उरकलेलं असतं. ते हाडापर्यंत जाळतं.

रिअ‍ॅक्टरवाला:
खरं आहे. पण जुन्या पद्धतीत अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड मोलाला मोल घालून नंतर पाण्यात ओतायचे, त्याचा सगळा चिकट आम्लधर्मी गाळ ईटीपीला. बीएचसीमध्ये हायड्रोजन फ्लोराइड जवळजवळ पूर्ण परत मिळवून पुन्हा वापरतात. धोका एका बंद जागी ठेवायचा की कचरा रोज बाहेर पाठवायचा, यातली ही निवड आहे. ज्याच्याकडे ते सांभाळायची शिस्त आहे त्यानेच ती करावी. भोपाळनंतर आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

सूरसागर_काठ:
सॉल्व्हंटबद्दल विचारायचं होतं. सगळ्यांत हिरवा सॉल्व्हंट कोणता? इथेनॉल ना?

नंदेसरी_लोकल:
इथेनॉल छानच, पण गुजरातेत आहोत आपण! परवाना, नोंदवही, नशाबंदी खात्याची तपासणी. ड्रम पोहोचला की सगळा विभाग मदतीला हजर 😄

सूरसागर_काठ:
😂😂 दहिसरच्या पलीकडच्या कंपन्यांना हे दुःख कळणार नाही.

रिअ‍ॅक्टरवाला:
हसू आलं, पण परवान्याच्या त्रासामुळे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा मिथेनॉलकडे वळलेले प्रकल्प मी पाहिलेत. इथेनॉलची ताकद बघायची तर सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध बघा. फायझरने एमडीसी, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान), टोलुइन आणि हेक्झेन असे चार सॉल्व्हंट काढून एका इथेनॉलवर काम आणलं. मधल्या पायरीवरचं इमाइन इथेनॉलमध्ये विरघळत नाही, आपोआप खाली बसतं, त्यामुळे रिअ‍ॅक्शन पुढे ओढली जाते आणि पाणी शोषायला घातलेलं टायटॅनियम टेट्राक्लोराइडच गायब झालं. सॉल्व्हंटचा वापर टनामागे ६०,००० गॅलनवरून ६,००० वर आला. २००२ चा पुरस्कार त्यांना मिळाला. इथे कोणतंही नवं यंत्र नाही, फक्त काय कशात विरघळतं याचा बारकाईने केलेला अभ्यास. लहान युनिटलाही जमेल असं काम.

टीएचएफच्या जागी २-मिथाइल टीएचएफ हाही चांगला पर्याय. तो उसाचं चिपाड, मक्याची कणसं यांच्यापासून मिळणाऱ्या फरफ्युरालपासून बनतो. शिवाय पाण्यात मिसळत नाही, म्हणून थर वेगळा होतो आणि वेगळं एक्स्ट्रॅक्शन सॉल्व्हंट वाचतं. पेरॉक्साइड मात्र त्यातही होतात, साठवताना काळजी घ्या.

सूरसागर_काठ:
आणि पाणी? फुकट, बिनविषारी, आगही लागत नाही.

एमईई_ऑपरेटर:
आता माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. पाण्यात रिअ‍ॅक्शन झाली की ते पाणी माझ्याकडे येतं. झिरो लिक्विड डिस्चार्ज (सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणं) असेल तर ते सगळं उकळून उडवावं लागतं. एक किलो पाणी उडवायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात, एक किलो टोलुइनला ३६० च्या आसपास. म्हणजे सहापट वाफ. टोलुइन गाळून, ऊर्ध्वपातन करून परत वापरता येतं. क्षार आणि सेंद्रिय द्रव्यं विरघळलेलं पाणी कोणी परत घेत नाही. पाणी पुन्हा फिरवता येत असेल तरच हिरवं, नाहीतर फक्त बॉयलर काळा.

एन्झाइमप्रेमी:
फार महत्त्वाचा मुद्दा. म्हणूनच साबणासारख्या रेणूंच्या मायसेलमध्ये (सूक्ष्म गोळक्यांत) रिअ‍ॅक्शन करणारे लिपशुट्झ यांच्यासारखे लोक तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरण्यावर भर देतात. माल गाळून काढा, पाणी आणि उत्प्रेरक भांड्यातच ठेवा, पुढची बॅच टाका.

क्यूए_मावशी:
सगळे सॉल्व्हंट बदलायला निघालात म्हणून क्वालिटीच्या बाजूने सांगते. मंजुरी मिळालेल्या औषधाची पद्धत बदलणं म्हणजे नव्या बॅचेस, नव्या अशुद्धींचा अभ्यास, स्टेबिलिटी आणि प्रत्येक देशाच्या नियामकाकडे अर्ज. म्हणून बदल करायचा तर सुरुवातीलाच करावा, फाइल जाण्याआधी.

आणि घाईत बदललं तर काय होतं ते २०१८ साली वाल्सार्टनने दाखवलं. एका परदेशी उत्पादकाने टेट्राझोल वलय बनवायची पद्धत बदलली. उतारा वाढला. नव्या पद्धतीत डीएमएफ नावाचं सॉल्व्हंट होतं, आणि उरलेलं अ‍ॅझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट घालत होते. डीएमएफमध्ये अंशमात्र डायमिथाइलअमाइन असतं. त्याची नायट्राइटशी गाठ पडली आणि एनडीएमए तयार झालं, माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेलं. जुन्या चाचण्या त्याला शोधतच नव्हत्या. जगभर रक्तदाबाच्या गोळ्या परत मागवाव्या लागल्या. त्यानंतर त्याची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ठरली.

सॉल्व्हंटचे अंश किती चालतात याची यादी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शकात आहे: बेंझिन २ पीपीएम, एमडीसी ६००, टोलुइन ८९०, आणि इथेनॉल, इथाइल अ‍ॅसिटेट यांसारख्यांना ५,०००. ती यादी वर्गात लावा. रुग्णाला काय सुरक्षित आणि कामगाराला काय सुरक्षित, हे बऱ्याच अंशी एकाच यादीत दिसतं.

शेठचा_मुनीम:
मावशींनी डोळे उघडले. ‘पद्धत बदला’ म्हणणाऱ्यांनी हा प्रतिसाद दोनदा वाचावा.

रिअ‍ॅक्टरवाला:
आणि ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. विचार होतो, पण त्याची वेळ फार थोडी असते. रूट, म्हणजे रेणू बनवायचा मार्ग, ठरतो तेव्हा टेबलाभोवती दोन-तीन केमिस्ट असतात. एकदा स्केल-अप झाला की पुढची अनेक वर्षं तोच कचरा रोज होणार. १९७० च्या पेटंट कायद्यात २००५ पर्यंत औषधाच्या रेणूला नाही, तो बनवायच्या पद्धतीलाच पेटंट मिळे, त्यामुळे आपल्या केमिस्टांना दुसऱ्याचा रेणू वेगळ्या मार्गाने बनवायची सवय लागली, ते कौशल्य आपलं बलस्थान होतं आणि आजही आहे. त्याच माणसांनी मार्ग शोधताना स्वस्त आणि पेटंटबाहेरचा याबरोबर तिसरा रकाना ठेवावा: किलोमागे कचरा किती. बहुतेक वेळा स्वस्त मार्ग तोच निघतो, कारण सॉल्व्हंट आणि वाफ दोन्ही विकत आणावी लागतात.

कॉलमग्रस्त:
आता दुसऱ्या प्रश्नाकडे. बेंझॉइन कंडेन्सेशन सायनाइडऐवजी थायमिन हायड्रोक्लोराइडने, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाने करा. उत्प्रेरक प्रमाणात चालतं, मुलांच्या हातात विष नाही. हा प्रयोग निःसंशय घ्या.

अ‍ॅसिटॅनिलाइडचं ब्रोमिनेशनही बऱ्याच ठिकाणी द्रव ब्रोमीनऐवजी पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेटने घेतात. सुरक्षित आहे, पण मुलांना वजन करायला लावा. एका मोलाला दोन मोल सेरिक मीठ म्हणजे २१४ ग्रॅम मालामागे जवळजवळ १,१०० ग्रॅम मीठ. धोका गेला, कचरा वाढला. यावर त्यांना भांडू द्या, खरा विषय तिथेच आहे.

प्रयोगवही:
हे फारच आवडलं. मी अ‍ॅस्पिरिनपासून सुरुवात करेन असं ठरवलंय, कारण तो प्रयोग आधीच आहे. सॅलिसिलिक आम्ल १३८, अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड १०२, अ‍ॅस्पिरिन १८०. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये सांगितलेली अणू-बचत ७५ टक्के. मग मुलांनी प्रत्यक्षात घातलेलं जास्तीचं अ‍ॅनहायड्राइड, आम्ल, धुण्याचं पाणी, स्फटिकीकरणाचं अल्कोहोल सगळं तोलून ई-फॅक्टर काढायचा. एकाच चंबूतून दोन आकडे. प्रयोगवहीत त्यासाठी वेगळं पान.

रिअ‍ॅक्टरवाला:
उत्तम. दोन सूचना. पाण्यासह आणि पाण्याशिवाय असे दोन ई-फॅक्टर लिहायला लावा, वर एमईई_ऑपरेटरांनी सांगितलं ते मुलांना आपोआप कळेल. आणि काचसामान धुवायचं अ‍ॅसिटोन सोडू नका. ते कोणी मोजत नाही.

प्रयोगवही:
अ‍ॅसिटोन प्रत्येक गटाला मोजून बाटलीत द्यायचं, की शेवटी उरलेलं मोजायचं?

नंदेसरी_लोकल:
मोजून द्या. उरलेलं मोजायला गेलात तर मुलं मैत्रिणीच्या बाटलीतलं ओततील 😄

रिअ‍ॅक्टरवाला:
मोजून द्या, आणि वापरलेलं अ‍ॅसिटोन बेसिनमध्ये न ओतता एका डब्यात गोळा करा. सत्राच्या शेवटी एका प्रॅक्टिकलला त्याचंच ऊर्ध्वपातन ठेवा. किती परत मिळालं ते वजा करून सगळ्यांनी आपापला आकडा नव्याने काढायचा.

प्रयोगवही:
ठरलं. दिवाळीनंतरच्या सत्रात घेते. मुलांचे आकडे इथेच टाकेन.